जुन्या डिझेल गाडीचें आयुष्य

पारशिवनी तालुक्याच्या उत्तरेस पेंचचें अरण्य आहे, तर दक्षिणेस कन्हानच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. मधल्या गांवांतून १९९४ सालची सुमो, २००० सालची बोलेरो, तिच्या मागून आलेली स्कॉर्पिओ अशा उंच बांध्याच्या डिझेल गाड्या पुष्कळ वर्षें राबत आल्या आहेत. शेतमालाची ने-आण, लग्नाचें वऱ्हाड आणि मध्यरात्रीं नागपूरच्या रुग्णालयांत न्यावयाचा रोगी, हा सारा भार बहुधा एकाच गाडीवर पडतो. अशी गाडी पंधरा वर्षांची झाली, कीं घरांत प्रश्न उभा राहतो : ती विकावी, दुरुस्त करावी, कीं नवा साज चढवून पुन्हा जोमदार करावी? उत्तर देण्यापूर्वीं गाडी म्हातारी कशानें होते, हें समजून घेतलें पाहिजे.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्यानें १८९७ मध्यें सिद्ध करून दाखविलेल्या या यंत्रांत हवा दाबून सुमारें विसाव्या हिश्शाइतक्या जागेंत कोंडली जाते. त्यामुळें ती पांचशे अंशांपर्यंत तापते आणि आंत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. एवढा दाब सोसावयाचा म्हणून इंजिन जड व भक्कम घडवावें लागतें. त्याच्या दीर्घायुष्याचें मर्म येथेंच आहे. मात्र हें आयुष्य बेताची उष्णता, स्वच्छ हवा आणि स्वच्छ तेल या तीन गोष्टींवर अवलंबून असतें.

प्रथम उष्णता. नागपूरकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. रेडिएटरमध्यें विहिरीचें जड पाणी भरीत गेल्यास त्यांतील क्षारांचा थर आंतल्या नळ्यांत बसतो व उष्णता बाहेर जात नाहीं. शेवटीं हेड वांकतें किंवा गॅस्केट जळतें. यासाठीं ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट यांचें मिश्रणच वापरावें, आणि रबरी नळ्या फुटण्याची वाट न पाहतां बदलाव्या. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा प्रघात अनेक ठिकाणीं आढळतो. तो घातक होय. त्यामुळें इंजिन योग्य उष्णतेला पोहोंचण्यास विलंब लागतो, डिझेल अर्धवट जळतें आणि झीज वाढते. तापण्याचें मूळ कारण मात्र तसेंच राहतें.

दुसरी गोष्ट हवा. वाळू व कोळसा वाहणाऱ्या रस्त्यांवरची धूळ फाटक्या फिल्टरांतून आंत शिरली, तर ती सिलिंडर व रिंगा कानशीसारख्या घांसते. तिसरी गोष्ट तेल. इंजिन ऑइल वेळेवर बदलावें, आणि डिझेलच्या फिल्टरखालीं सांठणारें पाणी, विशेषतः पावसाळ्यांत, वरचेवर सोडून द्यावें. टर्बो असलेली गाडी लांबच्या दौडीनंतर मिनिटभर मंद चालवून मग बंद करावी.

धुरावरूनही प्रकृति ओळखतां येते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला, तर डिझेल न जळतां जात आहे किंवा आंत पाणी झिरपत आहे.

खर्चाचा क्रम यावरून ठरतो. आधीं ब्रेक, स्टिअरिंग, टायर व रेडिएटर, मग क्लच, पाट्यांचे बुश आणि शॉक अब्सॉर्बर, सुधारणा त्यानंतर. ब्रेकचें द्रव हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून साधारण दोन वर्षांनीं तें बदलावें. टायरवर चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनें रबर चिरा पडून दगा देतें.

उपयोगी सुधारणा साध्या असतात : रिले बसवून दिव्यांना पुरेशी वीज देणें, मागच्या बांकावर पट्टे बसविणें, चांगली बॅटरी घेणें. फ्युएल पंपाशीं खेळून ताकद वाढविली, तर जुन्या हेडवर व क्लचवर भलताच ताण येतो. फार मोठे टायर चढविल्यास वेगदर्शक कांटा कमी वेग दाखवितो, व ब्रेकांचें काम वाढतें. पुढें लोखंडी गज लावणें बेकायदेशीर असल्याचें केंद्र सरकारनें २०१७ मध्यें राज्यांस कळविलें आहे. असे गज धडकेचा आघात थेट सांगाड्यावर नेतात.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती पांच पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. दिल्लीच्या परिसरांत डिझेल गाड्यांवर घातली गेलेली दहा वर्षांची मर्यादा महाराष्ट्राला लागू नाहीं. म्हणून केवळ वयामुळें गाडी टाकाऊ ठरत नाहीं. मिस्त्रीकडून सिलिंडरचा दाब मोजवून घ्यावा व चासी खालून ठोकून पाहावी. दाब समान व पुरेसा असेल आणि चासी गंजलेली नसेल, तर दुरुस्तीचा पैसा सहसा वायां जात नाहीं. चासीच कुजली असेल, तर मात्र मोह सोडावा. ज्या गाडीच्या भरंवशावर घरचा रोगी रात्रीं नागपुरास निघतो, तिची परीक्षा दिवसाउजेडीं, काम पडण्यापूर्वींच झालेली बरी.