जुन्या शाळेचे सभागृह : पाडण्यापूर्वी पाहा



आपले ऊस पीक मेळावे कित्येक गावी जुन्या शाळेत भरतात. नवी शाळा झाली, मुले तिकडे गेली आणि जुनी इमारत गावाचे सभागृह झाली. आता कुठेकुठे "ही पाडून स्लॅबचा हॉल बांधू" अशी बोलणी निघतात. ठराव करण्यापूर्वी ही इमारत उभी कशी आहे, ते पाहणे बरे.

आधी पैसा कोणाचा? मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. म्हणजे खेड्यांतल्या शाळांना आपल्याच पणजोबांच्या साऱ्याचा हातभार लागला आहे.

भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन फूट रुंद, चुन्यात बांधलेल्या. चुनखडी भट्टीत भाजायची आणि बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायची. चुना ओल घेतो आणि बाहेर सोडतो. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. निचरा नसलेल्या रानात उसाची मुळी कुजते, तसाच हा प्रकार. म्हणून दुरुस्ती चुन्यातच करावी आणि वळचणीचे पाणी पायापासून लांब काढावे.

वर मंगळुरी कौले. ही कौले मंगळुरास बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून होऊ लागली. कौलांखाली लाकडी कैच्या. कैचीची दोन तिरपी लाकडे भाराने बाहेर रेटतात, खालचे आडवे लाकूड त्यांना धरून ठेवते. उसाच्या गाडीला आवळलेला दोर जे काम करतो, तेच हे लाकूड करते. स्टेजला किंवा छताला अडते म्हणून ते कापले, तर भिंती बाहेर कलतात.

आढे उंच असल्याने तापलेली हवा वर चढते आणि टोकाच्या त्रिकोणी भिंतींतल्या झरोक्यांतून निघून जाते. ते झरोके बुजवू नयेत. शाळेला एक दार पुरले, पण सभेच्या गर्दीला बाहेर उघडणारे दुसरे दार हवेच. ते दोन कैच्यांच्या मधल्या भिंतीत पाडावे, कैचीच्या टेकूखाली नव्हे.

आता स्लॅबचे. चार इंची स्लॅब चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरतो, म्हणजे कौलारू छपराच्या तीन-चार पट. एवढा भार जुन्या भिंतींवर अभियंत्याला विचारल्याशिवाय टाकू नये.

लाकूड वाळवीने पोखरले असेल, भिंत उभी चिरली असेल, तर इमारत धोक्याची. तिथे हयगय नको. जागा जिल्हा परिषदेची असेल तर पाडण्याला तिची मंजुरीही लागते. पण नुसती कौले गळतात म्हणून इमारत पाडू नये. खोडवा चांगला फुटत असताना आपण नांगर घालत नाही. पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेत तपासणीचा विषय घ्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी