कर्ज हवंय? आधी ओळख कमवा!

मित्रांनो, "सर, भांडवल कुठून आणू?" हा प्रश्न सारखा येतो. आधी आपल्याच भागातलं उदाहरण बघा.

बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं, वर दहा हजारांचं कर्जही दिलं. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजांनी पैसे दिले, कारण ते लक्ष्मणरावांना आणि त्यांच्या कामाला ओळखत होते.

आज बँक मॅनेजर तुम्हाला ओळखत नाही. तुमची ओळख म्हणजे बँक स्टेटमेंट, सिबिल, उद्यम नोंदणी आणि मशीनचं कोटेशन. गल्ल्यातली रोकड बँकेला दिसत नाही. विक्री खात्यात जमा करा.

सुरुवात छोटी असेल तर मुद्रा शिशु कर्ज: ५० हजारांपर्यंत, विनातारण. मोठं युनिट टाकायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची चौकशी करा. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला आणि इतर विशेष गटांना ३५ टक्के सबसिडी आहे. स्वतःचे अनुक्रमे १० आणि ५ टक्के घालावे लागतात.

एक लक्षात ठेवा: ही सबसिडी नव्या युनिटला मिळते, चालू धंद्याला नाही. म्हणून आधी अर्ज, मग मशीन. घाई केली तर सबसिडी हातची जाईल!