पपईची धास्ती, पाण्याकडे दुर्लक्ष

घरात गोड बातमी कळली, की आनंदापाठोपाठ सूचनांची रीघ लागते. पपई नको, अननस नको, तीळ उष्ण, खजूर उष्ण, वांगे बाधेल, ताक थंड पडेल. आई, सासूबाई, शेजारीण आणि कार्यालयातील मैत्रीण यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्यात इंटरनेटवरील परदेशी याद्यांची भर पडते आणि जे चीज आयुष्यात कधी चाखलेले नाही, तेही टाळण्याचा सल्ला मिळतो. मळमळीने आधीच बेजार झालेली स्त्री मग ताटातील प्रत्येक घासाकडे संशयाने पाहू लागते. दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी जे खाऊन झाले, त्याची चिंता वेगळीच.

ही काळजी अनाठायी नाही. तिचा रोख मात्र बहुधा चुकतो. गरोदरपणात अन्नातून अपाय होतो तो पदार्थाच्या ‘उष्ण’ वा ‘थंड’ गुणामुळे नव्हे, तर मुख्यतः त्याबरोबर पोटात जाणाऱ्या जंतूंमुळे. म्हणूनच कोणता पदार्थ खाल्ला, याइतकेच तो कोणत्या पाण्याने धुतला, किती शिजला आणि शिजल्यावर किती वेळ बाहेर राहिला, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

पपईचे वास्तव

पपईविषयीची भीती संपूर्णपणे खोटी नाही. कच्च्या पपईच्या चिकात पपेनसारखी द्रव्ये असतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत या चिकामुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावल्याचे दिसले. पूर्ण पिकलेल्या पपईच्या रसाने मात्र असा परिणाम झाला नाही. हे प्रयोग प्राण्यांवरील आहेत, हे ध्यानात ठेवावे. तरीही कच्ची वा अर्धवट पिकलेली पपई टाळणे शहाणपणाचे आणि पूर्ण पिकलेल्या पपईची एखादी फोड खाल्ल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

अननसातील ब्रोमेलेन हे द्रव्य प्रामुख्याने त्याच्या देठात असते. गराच्या दोन-चार चकत्यांनी गर्भपात होतो, याला पुरावा नाही. स्वयंपाकात नेहमीच्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या तिळाचेही तसेच. उलट तिळातून चुना, म्हणजेच कॅल्शियम, मिळते.

दोष कोणाचा?

या समजुतींची खरी झळ बसते ती गर्भ न टिकल्यास. मग ‘काय खाल्ले होतेस?’ हा प्रश्न घरातून विचारला जातो किंवा ती स्त्री स्वतःलाच विचारत राहते. वस्तुस्थिती अशी, की निदान झालेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० आपोआप संपुष्टात येतात आणि त्यांतील बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. अशा सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो. हा दोष बहुधा गर्भधारणेच्या वेळीच निर्माण झालेला असतो. नंतर खाल्लेल्या फळाशी त्याचा संबंध नसतो. पपईच्या एका फोडीवर खापर फोडून दुःखात अपराधीपणाची भर घालणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

धोका पाण्यात

आपल्याकडे गर्भवतीने खरोखर धास्ती घ्यावी अशी गोष्ट म्हणजे दूषित पाणी. त्यातून पसरणारी ‘हेपेटायटिस ई’ ही कावीळ इतरांमध्ये बहुधा आपोआप बरी होते. गर्भवतींमध्ये मात्र तिचे स्वरूप उग्र होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, अखेरच्या तीन महिन्यांत ही बाधा झालेल्या स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

दिल्लीत १९५५-५६ च्या सुमारास यमुनेत मिसळलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात आले आणि सुमारे २९ हजार जणांना कावीळ झाली. ती साथ या विषाणूची होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून पुढे अनेक वर्षांनी उमगले. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली होती. या आजाराचा सर्वांत मोठा धोका शेवटच्या तिमाहीत असला, तरी पाणी उकळून पिण्याची सवय पहिल्या महिन्यापासूनच लावून घ्यावी. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे आणि झाकून ठेवावे.

घरात पाणी गाळून, उकळून पिणारी व्यक्ती रस्त्यावर मात्र बर्फ घातलेला उसाचा रस सहज पिते. खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखता यावा, म्हणून तो निळ्या रंगाचा असावा, असा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये काढला, यावरूनच या प्रश्नाचे गांभीर्य कळावे. पाणीपुरीचे पाणी, भेळेवरील कच्ची चटणी आणि कापून ठेवलेल्या कलिंगडाच्या फोडी यांचीही गत तीच. डोहाळे पुरवायचे, तर तीच पाणीपुरी घरी उकळलेल्या पाण्यात करता येते.

दूध, मोड आणि शिळा भात

धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून गर्भवतीला आग्रहाने देण्याची रीत काही घरांत आजही आढळते. निरशा दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया आणि क्षयाचे जंतू शरीरात जाऊ शकतात. दूध उकळून घेण्याची आपली जुनी पद्धतच सर्वांत सुरक्षित आहे. तापवलेल्या दुधाचे घरी विरजलेले दही आणि चांगल्या पाण्याचे ताक टाळण्याचे कारण नाही.

लिस्टेरिया हा जंतू विरळा, पण कपटी. इतर बहुतेक जंतूंची वाढ शीतकपाटात मंदावते. हा तेथेही वाढत राहतो. गर्भवतीला त्याची बाधा होण्याची शक्यता इतर निरोगी प्रौढांच्या सुमारे दहापट असते. तिला केवळ साधा ताप आणि अंगदुखी जाणवते. जंतू मात्र वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचू शकतो. कॅलिफोर्नियात १९८५ मध्ये मऊ चीजमधून पसरलेल्या साथीत लॉस एंजेलिस परिसरात १४२ रुग्ण आढळले. त्यांपैकी ९३ गर्भवती किंवा नवजात अर्भके होती. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसाच्या पदार्थातून आलेल्या साथीत एक हजाराहून अधिक जणांना बाधा झाली. परदेशी याद्यांत मऊ चीज आणि थंड मांसाचे काप का असतात, याचे उत्तर येथे मिळते. आपल्याकडे त्यातून घ्यायचा धडा इतकाच, की शीतकपाटात ठेवलेले अन्न कायमचे सुरक्षित नसते. ते वाफा येईपर्यंत गरम करूनच खावे. बाजारातील सुटे पनीरही कच्चे न खाता शिजवावे.

मोड आलेल्या कडधान्यांच्या बाबतीतही असाच विवेक हवा. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. म्हणून कच्च्या मटकीच्या कोशिंबिरीपेक्षा शिजवलेली उसळ बरी. भाताच्या दाण्यांत बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजल्यानंतरही तग धरतात आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिल्यास त्यात विष तयार होते. हे विष फोडणीने नाहीसे होत नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा.

मांसाहार करणाऱ्यांनी मटण, कोंबडी आणि अंडी पूर्ण शिजवून खावीत. अंड्याचा बलक घट्ट झालेला असावा. अर्धवट शिजलेले मांस, मातीने माखलेली भाजी आणि मांजराची विष्ठा यांतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी शरीरात येऊ शकतो. पालेभाज्या आणि वरून भुरभुरायची कोथिंबीर वाहत्या स्वच्छ पाण्यात नीट धुणे, कच्च्या मांसासाठी वेगळी सुरी आणि पाट ठेवणे, स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुणे, हे उपाय साधेच. पण त्यांचा उपयोग मोठा.

आधीच खाल्ले असेल तर?

दिवस राहिल्याचे कळण्यापूर्वी बाहेरचे काही खाल्ले गेले, तर हवालदिल होऊ नये. दूषित अन्न खाणाऱ्या प्रत्येकाला बाधा होतेच असे नाही आणि आईला झालेली प्रत्येक बाधा गर्भापर्यंत पोहोचत नाही. कोणतीही लक्षणे नसल्यास सहसा तपासण्यांची किंवा औषधांची गरज नसते. मात्र लिस्टेरियाची लक्षणे दिसायला कधी कधी दोन महिनेही लागतात. म्हणून ताप आल्यास काय खाल्ले होते, हे डॉक्टरांना सांगावे. थंडी वाजून ताप येणे, डोळे वा लघवी पिवळी होणे, पाणीही पोटात न टिकणे, लघवीचे प्रमाण फार कमी होणे किंवा रक्तस्राव होणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

दुसरी चिंता असते ती काहीच खाल्ले जात नसल्याची. बाराव्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाचे वजन जेमतेम १४ ग्रॅम असते. त्यामुळे या काळात दोन घास कमी गेले, तरी तो सहसा उपाशी राहत नाही. मळमळ बहुतेकींची सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. तोवर थोडे थोडे, जे रुचेल आणि पचेल ते ताजे खावे. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चुकवू नये. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून घडतात, ती नलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणून शक्य तर मूल होऊ देण्याचा विचार सुरू होताच डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी सुरू करावी. मद्याचे सुरक्षित असे प्रमाण नाही. ते पूर्ण वर्ज्य समजावे. चहा-कॉफी बेताने घेण्यास हरकत नाही.

नको असलेल्या पदार्थांची यादी जितकी लांबते, तितके गर्भवतीचे ताट रिकामे होते आणि हिमोग्लोबिन कमी असलेल्या स्त्रीला ते परवडणारे नसते. घरातल्यांना काळजी घ्यायचीच असेल, तर त्यांनी तिच्या ताटातील पदार्थ कमी करण्यापेक्षा पाणी उकळण्याचे आणि ताजे, गरम अन्न तिच्यापुढे ठेवण्याचे काम स्वतःकडे घ्यावे.