जुन्या तिकिटाचा कागद कसा ओळखावा

टपाल तिकिटाचे वय नुसत्या चित्रावरून ठरवायला गेले की फसगत होते. पंचम जॉर्जच्या मुखवट्याची भारतीय तिकिटे १९११ पासून लंडनच्या डे ला रू कंपनीत छापली जात. १९२६ पासून ती नाशिकच्या मुद्रणालयात छापली जाऊ लागली. बरेच नमुने तेच राहिले, कागद मात्र बदलला. लंडनच्या छपाईत तिकिटामागे एकच मोठा तारा दिसतो, तर नाशिकच्या कागदात लहान लहान तारे सर्वत्र विखुरलेले असतात.

नाशिकची ही छपाई आखातातही पोहोचली. दुबईत १९०९ मध्ये टपाल कचेरी उघडली आणि तिथे भारताचीच तिकिटे विकली जात. फाळणीनंतर ऑक्टोबर १९४७ पासून काही महिने पाकिस्तानची तिकिटे चालली. ती म्हणजे सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर ‘पाकिस्तान’ असा ठसा मारलेली, आणि हा ठसाही नाशिकलाच उमटलेला! एप्रिल १९४८ पासून आणे-रुपयांचे शिक्के मारलेली ब्रिटिश तिकिटे आली, जानेवारी १९६१ मध्ये ट्रुशियल स्टेट्सची (म्हणजे आजच्या अमिरातींची) आणि जुलै १९६३ मध्ये शेजारच्या शारजाची स्वतःची. शारजातल्या अल मजाजमध्ये, खालिद सरोवराकाठी राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये हे सारे टप्पे शेजारी शेजारी बसू शकतात.

कागदाचे मूळ भेद दोन. वोव्ह कागद उजेडाकडे धरला तर एकसारखा, बारीक जाळीदार दिसतो. लेड कागदात समांतर रेघा उमटतात, कारण लगदा गाळायच्या साच्यातल्या तारांच्या खुणा त्यात राहून गेलेल्या असतात. बहुतेक तिकिटे वोव्ह कागदाचीच असतात. लेड कागद पाहायचा तर जींद संस्थानाची १८७५ ची जाड, निळसर तिकिटे पाहावीत. ग्रॅनाइट नावाचा कागद मात्र भिंगाखाली लगेच कळतो, त्यात रंगीत तंतू मिसळलेले असतात.

खरी कसोटी जलचिन्हाची. कागद ओला असतानाच त्यावर चिन्ह दाबले जाते आणि तेवढी जागा पातळ होते. १८६५ नंतरच्या भारतीय तिकिटांत हत्तीचे डोके, १८८२ पासून तारा, तर १९५० च्या दशकाच्या अखेरीस अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष दिसते. आखातात चाललेल्या राणी एलिझाबेथच्या ब्रिटिश तिकिटांत तर मुकुटाचा आकारही बदलत गेला. चित्र तेच, मुकुट वेगळा. उजेडात चिन्ह दिसले नाही तर तिकीट काळ्या बशीत पालथे ठेवून त्यावर बेंझिनचे थेंब टाकतात. पातळ भाग गडद दिसू लागतो आणि द्रव उडून गेल्यावर तिकीट सहसा जसेच्या तसे राहते. बेंझिन चटकन पेट घेते, म्हणून हा खटाटोप खिडक्या उघड्या ठेवून आणि स्वयंपाकघरापासून दूरच करावा.

आणखी एक वर्ग खडूचा लेप दिलेल्या कागदाचा. शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरणाऱ्यांना अडवण्यासाठी हा कागद आला, कारण शिक्का निघताना चित्रही सोबत निघते. जुने संग्राहक कडेला चांदीचे नाणे ओढत आणि पेन्सिलीसारखी रेघ उमटली की लेप ओळखत. रेघ कायमची राहते, त्यामुळे ही पद्धत आता टाळलेलीच बरी. तिरक्या उजेडात दिसणारी गुळगुळीत झाक बहुतेक वेळा पुरते.

अतिनील दिवाही उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात रसायने मिसळू लागले, आणि असा कागद दिव्याखाली निळसर चमकतो. जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या तिकिटाचा कागद असा चमकला, तर ते नंतरची नक्कल असण्याचा संशय रास्त ठरतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एजंटांमार्फत संग्राहकांसाठी निघालेल्या शारजाच्या भडक तिकिटांना ही कसोटी लावून मात्र फारसे काही साधत नाही. ती मुळातच नव्या काळातली.

जतनाचा विचारही कागदावरूनच करावा लागतो. लिफाफ्यावरून काढण्यासाठी साधे वोव्ह तिकीट पाण्यात भिजवता येते, खडूच्या लेपाचे मात्र नाही. आखाती दमट हवेत डिंक आपोआप चिकटतो आणि कागदावर तपकिरी डाग पडतात, म्हणून अल्बम उभा ठेवावा आणि पाने फार घट्ट दाबू नयेत.