चष्म्यावरची चमक आणि आजोबांचे डोळे

आजचा विषय जरा घरगुती आहे, पण त्यात फिजिक्सही आहे.

गेल्या वर्षी आमचे आजोबा गेले. फ्रेम करायला फोटो हवा होता. माझ्या फोनमध्ये त्यांचे दोनशेच्या वर फोटो, पण एकातही डोळे धड दिसेनात. कुठे काचेवर फ्लॅश, कुठे ट्यूबलाइट, कुठे अख्खी खिडकी. एका स्टुडिओवाल्याने एआय वापरून चमक काढून दिली. डोळे आले. आजीने फ्रेम हातात घेतली आणि म्हणाली, "अरे, हे कोण?"

मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे यात काय झालं ते मला लगेच कळलं. चमक पडली त्या जागी पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे २५५ ला जाऊन टेकतात. खाली डोळा होता की भिंत, याची माहिती फाइलमध्ये उरतच नाही. मग सॉफ्टवेअर डोळा परत आणत नाही, नवीन बनवतं. म्हणून जे करायचं ते फोटो काढतानाच.

कॅरम आठवा. स्ट्रायकर ज्या कोनात कडेवर आपटतो, साधारण त्याच कोनात परत फिरतो. प्रकाश काचेवर तेच करतो. फोनचा फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटूनच असतो, म्हणजे सरळ मारलेला स्ट्रायकर सरळ आपल्याकडेच येणार! रिंग लाइटचंही तेच, प्रत्येक काचेत एकेक गोल बांगडी.

साध्या काचेचा एक पृष्ठभाग जेमतेम ४ टक्के प्रकाश परत फेकतो, पुढचा-मागचा मिळून ८. ऐकायला कमी वाटतं. पण खिडकी डोळ्यापेक्षा कितीतरी पट उजळ असते, तिचे ८ टक्केही डोळा झाकून टाकतात. मोठ्या नंबरवाल्यांच्या पातळ काचा तर जास्त चमकतात, १.६७ इंडेक्सची काच १२ टक्क्यांच्या आसपास. अँटी-ग्लेअर कोटिंग हे बरंच खाली आणतं. ही युक्ती झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. उरते ती हिरवी किंवा जांभळी झाक.

पोलरायझर फिल्टरवर पैसे घालवू नका. काचेवर तो साधारण ५६ अंशांच्या तिरक्या चमकेला मारतो, समोरासमोरच्या चमकेला नाही.

"चष्मा काढून फोटो काढ ना," असं कोणीतरी म्हणणारच. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा चालतच नाही, तिथे काढा. पण आमचे आजोबा चष्म्याशिवाय आम्हाला आजोबा वाटलेच नसते.

दिवाळीत ठरवलं, आजीचा फोटो नीट काढायचा. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात ओसरीवर बसवलं. आधी तिचं तोंड चौकाकडे होतं, तर काचेत पांढरं आभाळ. तिला वळवलं, चौक डाव्या हाताला आला. आता उजेड बाजूने, वरून. जुन्या स्टुडिओंना काचेचं छत असायचं ते अशाच उजेडासाठी. (आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके सिनेमाआधी गोध्र्याला फोटो स्टुडिओच चालवायचे.)

तरी काचा धुरकट. दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, माझ्या पाठीमागे चुन्याची पांढरी भिंत होती आणि तीच काचेत दिसत होती! भिंतीवर काळी घोंगडी टाकली, मीही पांढरा शर्ट बदलून काळा टीशर्ट घातला. काचा एकदम साफ.

शेवटची युक्ती सगळ्यात स्वस्त. चष्म्याच्या काड्या कानापासून अर्धा सेंटीमीटर वर उचलायच्या. काचा किंचित खाली झुकतात आणि वरचा उजेड कॅमेऱ्याऐवजी जमिनीकडे जातो. फार उचललं तर फ्रेमची वरची कड डोळ्यांवर येते, तेवढं बघा. हनुवटी जराशी खाली घेतली तरी हेच होतं, पण आजी म्हणाली, "मान खाली घालून मी नाही हो बसायची."

मग काड्याच उचलल्या. फोटोत तिचे डोळे दिसतात, अगदी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे, स्वच्छ. उजव्या काचेच्या कडेला एक बारीक हिरवी रेघ राहिलीय. पुसू का विचारलं, तर म्हणाली राहू दे.