अंगठ्याखालची बटणं

नागपूरच्या वर्धा रोडवरील डबल डेकर पुलावर ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दोन सेकंदांत 33 मीटर पुढे जाते. रेडिओचा आवाज कमी करायला तेवढा वेळ नजर खाली गेली, की तेवढा रस्ता न बघताच मागे पडतो. स्टिअरिंगवरच्या बटणांमुळे डोळे रस्त्यावरच राहतात. अंगठा आपलं काम करतो.

पण स्टिअरिंगचं चाक गरगर फिरतं, मग या बटणांच्या तारा पिळून तुटत कशा नाहीत? चाकामागे घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी, लवचिक पट्टी असते. तिला ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात. चाक वळेल तशी ती सैलावते किंवा आवळते, जोडणी मात्र कायम राहते. चालकाच्या एअरबॅगची जोडणीही तिच्यातूनच जाते. म्हणून बटणं बंद पडली आणि एअरबॅगचा दिवा पेटून राहिला, तर लगेच गॅरेज गाठा.