ठिपका खरा, रेघेचं काय?

ऑगस्टमधला रविवार, पहाटेचे साडेपाच. आम्ही सहा जण, तीन गाड्या आणि एकच प्लॅन : राजगड. तुमच्यापैकी निम्म्यांनी हा प्लॅन कधी ना कधी केलाच असेल. कात्रजच्या बोगद्यापलीकडे चहा झाला. पुढच्या गाडीवाल्याने मोबाइल काढला, मॅपमध्ये ‘राजगड’ टाइप केलं, ‘स्टार्ट’ दाबलं आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात टाकला. कानात इअरफोन. बाई सांगेल तिथे वळायचं, झालं!

दोन तासांनी आम्ही गडाच्या भलत्याच अंगाला होतो. डांबर संपलं होतं, चिखल सुरू झाला होता आणि समोर ओढ्यावरचा फरशी पूल. म्हणजे पूल असावा असा अंदाज. दिसत होतं फक्त लालभडक पाणी. मॅपवरची निळी रेघ मात्र त्या पाण्यावरून झोकात पलीकडे गेली होती. बाई म्हणत होती, सरळ जा.

आमच्यातला एक जण सरळ जायला तयारही होता. ‘घोट्याएवढंच आहे रे,’ म्हणत त्याने गाडी गिअरमध्ये टाकली. तेवढ्यात म्हशी घेऊन येणारे एक आजोबा ओरडले. जवळ येऊन त्यांनी विचारलं, ‘‘ह्या वाटनं यायला कुनी सांगितलं तुमास्नी?’’

‘‘मॅपने, आजोबा.’’

‘‘त्येला काय म्हाईत काल रात्री पाऊस झाला त्ये?’’

मास कम्युनिकेशनच्या पदवीत तीन वर्षं ‘सोर्स तपासा, सोर्स तपासा’ असं ऐकून पास झालेली मी तिथे गप्प उभी होते. कारण आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. मॅपला काय माहीत असतं आणि काय नसतं, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता. तुम्ही केलाय?

एका स्क्रीनवर दोन गोष्टी

मॅप उघडलात की दोन निळ्या गोष्टी दिसतात. एक ठिपका, म्हणजे तुम्ही. दुसरी रेघ, म्हणजे रस्ता. दोन्ही एकाच रंगाच्या, एकाच स्क्रीनवर, म्हणून आपण दोघींवर सारखाच भरवसा टाकतो. पण त्या येतात अगदी वेगवेगळ्या ठिकाणांहून.

ठिपका आकाशातून येतो. जीपीएसचे तीसेक उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण सतत एवढंच सांगत असतो : मी अमुक जागी आहे आणि आत्ता अमुक वाजलेत. तुमचा मोबाइल त्यांना काहीच पाठवत नाही, तो फक्त ऐकतो. सिग्नल पोचायला किती वेळ लागला, त्यावरून तो अंतर काढतो. हा वेळ सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागाएवढा असतो. अशी किमान चार उपग्रहांपासूनची अंतरं मिळाली की तुमची जागा पक्की होते. तिघांवर का भागत नाही? कारण मोबाइलमधलं घड्याळ अणुघड्याळ नाही. त्याची चूक शोधायला चौथा उपग्रह लागतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकलं, तरी अंतरात ३०० मीटरचा घोळ होतो!

आपण सगळ्यालाच ‘जीपीएस’ म्हणतो, पण ती अमेरिकेची यंत्रणा. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू आणि आपल्या इस्रोची नाविक अशा यंत्रणाही आहेत. आजचे बरेच मोबाइल यातल्या एकाहून जास्त यंत्रणांचे सिग्नल ऐकतात. आणखी एक गंमत. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे ठिपका १०० मीटरपर्यंत हलायचा. आपण जन्मायच्या थोडंसं आधी ते बंद झालं. आज मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल साधारण पाच मीटरच्या आत तुमची जागा सांगतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : यासाठी नेटवर्क लागत नाही. रेंज गेली, नेट पॅक संपला, तरी ठिपका चालतो. नेटवर्क असलं की कुठला उपग्रह कुठे आहे ही माहिती मोबाइलला झटकन मिळते, म्हणून ठिपका पटकन येतो. नसलं तर थोडं थांबावं लागतं, कधी काही मिनिटंही. पण येतो.

मग रेघ कुठून येते?

रेघ येते माणसांनी आणि कंप्युटरने मिळून केलेल्या नकाशातून. वरून काढलेले फोटो, सरकारी माहिती, लोकांनी टाकलेल्या पिना आणि त्या रस्त्यावरून जाणारे मोबाइल किती वेगाने सरकतायत याची नोंद, या सगळ्यावरून ॲप हिशेब करतं की कमी वेळात पोचायचं कसं. पुण्यातल्या कर्वे रोडवर दर मिनिटाला शेकडो मोबाइल जातात, त्यामुळे तिथला अंदाज झकास येतो. वाडीवरच्या रस्त्याने दिवसाला चार गाड्या जातात. तिथे पूल वाहून गेला तर ॲपला सांगणार कोण? पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीसाठी बंद करायची वेळ अनेकदा येते. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. ॲपला कुणीतरी कळवेपर्यंत नाही.

आमचं काय झालं असावं, ते मला नंतर लक्षात आलं. आम्ही ‘राजगड’ टाकलं, ‘गुंजवणे’ नाही. पिन पडली गडाच्या माथ्यावर. माथ्यावर गाडी जात नाही, मग ॲपने पिनेला जवळ पडणाऱ्या कुठल्यातरी रस्त्याला नेऊन सोडलं. चोरदरवाजाची वाट जिथून सुरू होते ते गुंजवणे राहिलं बाजूला. मधे अख्खा डोंगर उभा आहे, याच्याशी रेघेला काही देणंघेणं नव्हतं.

आम्हाला आजोबा भेटले. सगळ्यांना भेटतात असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी रात्री अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एका महिलेची गाडी पुलावर जायच्या ऐवजी थेट खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवलं. तिन्ही वेळा गाडी मॅपच्या आधाराने चालली होती, असं बातम्यांत आलं. आता मॅपवर चालणारी गाडी पाण्याच्या काठाशी आलेली डोळ्यांसमोर आणा. ठिपका तुम्ही जिथे आहात तिथेच असतो. फसवते ती पुढची रेघ.

ठिपक्यालाही मर्यादा आहेत

म्हणून ठिपका देव आहे असंही नाही. त्याच्याभोवती कधीकधी एक फिकट निळं वर्तुळ दिसतं, ते नीट बघा. ‘तू या वर्तुळात कुठेतरी आहेस’ असा त्याचा अर्थ. वर्तुळ मोठं असेल तर मोबाइल प्रामाणिकपणे सांगतोय की मला नक्की माहीत नाही. उंच इमारती, अरुंद घळी, ओलं दाट जंगल अशा ठिकाणी सिग्नल अडतो किंवा भिंतींवर आपटून उशिरा पोचतो. मग ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. उड्डाणपुलावर आहात की खालून चाललाय, हेही त्याला धड कळत नाही. म्हणूनच पुलावर चढलात तरी बाई खालचंच वळण सांगत राहते!

आणि हरिश्चंद्रगडावर धुक्यात कोकणकड्याजवळ असाल तर हिशेब करा. पाच मीटरची चूक म्हणजे पठार की कडा? तिथे मोबाइल खिशात आणि नजर पायाखाली.

‘आम्ही कुठे आहोत माहीत नाही’

आता गोष्टीचा राहिलेला भाग. आजोबांनी सांगितल्यावर आम्ही मागे फिरलो. रेंज नव्हती, एका फाट्यावर चुकामूक झाली आणि शेवटची गाडी दिसेनाशी झाली. अर्ध्या तासाने तिच्यावरच्या मैत्रिणीचा फोन आला. आवाज तुटत होता. गाडी चिखलात घसरली होती, मित्राचा पाय सुजला होता, उभं राहता येत नव्हतं.

‘‘कुठे आहात?’’

‘‘माहीत नाही गं. झाडं आहेत. रस्ता आहे.’’

झाडं आणि रस्ता! सगळा तालुकाच झाडं आणि रस्ता आहे. नेट नव्हतं, त्यामुळे लोकेशन पाठवता येईना. पण तिच्या आयफोनच्या कंपास ॲपमध्ये खाली आकडे दिसत होते, अक्षांश आणि रेखांश. ते तिने एकेक करून वाचले, मी हातावर पेनने लिहून घेतले. आमच्यातल्या एका ट्रेकरच्या मोबाइलवर ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा आधीच डाऊनलोड केलेला होता. ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे जगभरच्या लोकांनी २००४ पासून मिळून बनवलेला फुकट नकाशा. त्यात आकडे टाकले, पिन पडली. आमच्यापासून जेमतेम दोन किलोमीटर. वीस मिनिटांत आम्ही तिथे होतो. पाय मोडला नव्हता, मुरगळला होता. पण त्या वीस मिनिटांत मला कळलं की सकाळपासून आपण मोबाइल उलटा वापरतोय. ‘कुठून जाऊ’ हे त्याला डोळे झाकून विचारत होतो आणि ‘मी कुठे आहे’ हे विचारायचं विसरलो होतो. हा दुसरा प्रश्न त्याच्या खरा हातचा.

निघण्याआधी एवढं करा

• गडाचं नाव टाकू नका, पायथ्याच्या गावाचं टाका. ‘राजगड’ नाही, ‘गुंजवणे’. निघण्याआधी पूर्ण रेघ झूम करून एकदा बघा : कुठली गावं लागतात, कुठे नदी ओलांडायची आहे. चार गावांची नावं पाठ असली की रेघ भरकटली तरी कळतं.

• घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाऊनलोड करा. ठिपका नेटशिवाय येतो, पण त्याच्याखालचा नकाशा नेटशिवाय येत नाही. पांढऱ्या कागदावरचा ठिपका काय कामाचा?

• अक्षांश-रेखांश कुठे दिसतात ते आज घरी बसून शोधा. बहुतेक मॅप ॲपमध्ये ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दिसतात. पुण्यात पहिला आकडा १८ पॉइंट काहीतरी आणि दुसरा ७३ पॉइंट काहीतरी येईल. क्रम बदलू नका आणि पॉइंटनंतरचे चार आकडे तरी सांगा. तेवढ्यात जागा दहा-बारा मीटरपर्यंत कळते.

• नेट नसलं तरी साधा एसएमएस कधीकधी जातो. आणीबाणीत ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी आसपास दुसऱ्या कंपनीची असेल तर हा फोन लागू शकतो. फोन लागल्यावर आधी आकडे सांगा, मग रडा.

• रेंज नसलेल्या भागात मोबाइल सिग्नल शोधत राहतो आणि बॅटरी खातो. एअरप्लेन मोड टाका. बहुतेक मोबाइलमध्ये जीपीएस तरीही चालू राहतं. पॉवर बँक एकाकडे नको, दोघांकडे हवी.

• मॅप बघायचं काम मागे बसणाऱ्याचं. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर.

• आणि रेघ एक सांगतेय, डोळ्यांना दुसरं दिसतंय, तर डोळ्यांचं ऐका. पाणी दिसलं की थांबा. रस्ता अरुंद होत गेला की थांबा. माणूस दिसला की विचारा.

हे शेवटचं आपल्याला सगळ्यात जड जातं. रस्ता विचारायची लाज वाटते. मोबाइल असताना विचारायचं म्हणजे आपण बावळट, असं काहीतरी डोक्यात असतं. मीही त्यातलीच होते. त्या दिवशी फाट्यावर एक टपरी होती, दोन बाया भाजी घेऊन बसल्या होत्या. आम्ही तिघीतिघे सुसाट पुढे गेलो. ‘काकू, गुंजवण्याला कसं जायचं?’ एवढं विचारलं असतं तर पाय मुरगळला नसता.

राजगड त्या दिवशी झालाच नाही. डिसेंबरमध्ये तेच सहा जण पुन्हा गेलो. या वेळी ‘गुंजवणे’ टाकलं, तरीही दोनदा थांबून विचारलं. एका ठिकाणी काकांनी हात दाखवला तो रस्ता आणि रेघ एकच निघाली. दुसऱ्या ठिकाणी रेघ डावीकडे गेली, काका म्हणाले उजवीकडे. आम्ही उजवीकडे गेलो. साडेआठला पायथ्याशी होतो.